गाडी तापते कधी, ते आधी सांगा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

उन्हाळ्याच्या तोंडावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते: इंजिन तापते. बहुतेक पत्रांत काय काय बदलले याची यादी असते, पण गाडी नेमकी कधी तापते ते लिहिलेले नसते. निदान मात्र त्या ‘कधी’वरच अवलंबून असते. सिग्नलला उभी असताना तापमानाचा काटा चढतो आणि गाडी पळू लागली की उतरतो, तर दोष हवेच्या बाजूला शोधा: पंखा, त्याचा रिले (विजेचा स्विच), रेडिएटरच्या जाळीतली घाण. गावात ठीक चालते आणि हायवेला तापते, तर दोष बहुधा पाण्याच्या बाजूला असतो: आतून चोंदलेला रेडिएटर, झिजलेला पंप, आत चपटणारा होज (रबरी नळी). सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत वरचा होज फुगून कडक होत असेल, तर हेड गॅस्किटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्या मधल्या सीलचा) संशय घ्या. घाटात या सगळ्यांची एकदम परीक्षा होते, म्हणून घाटातल्या तक्रारीपासून सुरुवात करू.

प्रश्न: माझी पेट्रोल हॅचबॅक दहा वर्षांची आहे. बेळगावात काही त्रास नाही. गोव्याहून परत येताना केरीच्या पुढे चोर्ला घाट चढायला लागलो की एसी चालू असताना काटा वर सरकतो. मेस्त्रींनी थर्मोस्टॅट काढून टाकला. थोडे दिवस बरे वाटले, आता कणकुंबी यायच्या आतच काटा लाल पट्ट्याजवळ जातो. नवा रेडिएटर घालावा का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर: रेडिएटर आत्ताच घेऊ नका. पहिले काम म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप, परत बसवणे. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत आपल्या भागात फार रुळली आहे आणि तिच्यामुळे चांगल्या इंजिनांचे नुकसान होते. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. एक रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी दुसरी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनात परत जाणारी, वाट बंद करते. असा थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. पंपाने ढकललेल्या गरम पाण्यातले बरेचसे मग रेडिएटरकडे न जाता सोप्या वाटेने पुन्हा इंजिनातच फिरते. सपाट रस्त्यावर, सकाळच्या गारव्यात ते लक्षात येत नाही. घाटात इंजिनावर भार आला की लगेच दिसते. ज्या इंजिनांत एकच तबकडी असते तिथे उलटा त्रास होतो: इंजिन नीट तापतच नाही, ईसीयू (इंजिनाचा संगणक) गार इंजिन समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडते आणि सिलिंडरची झीज वाढते. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या थंडगार हवेत तर काटा खालीच बसून राहतो.

थर्मोस्टॅट खराब आहे की नाही हे घरी कळते. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगा की तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर धरा आणि मंद आचेवर तापवा. त्याच्या कडेवर आकडा कोरलेला असतो, बहुतेक वेळा ८२ किंवा ८८. त्या आकड्याच्या दोन अंश इकडेतिकडे तो उघडू लागला पाहिजे. ८२ चा असेल तर ९५ पर्यंत झडप साधारण ८ मिलिमीटर उचललेली दिसावी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते. थर्मामीटर १०० दाखवत नाही म्हणून तो चुकीचा नव्हे, आणि ८८ चा थर्मोस्टॅट पातेल्यात पूर्ण उघडला नाही म्हणून तो बाद समजू नका. पाणी निवताना झडप पुन्हा घट्ट मिटते का तेही बघा. काही थर्मोस्टॅटच्या कडेला बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असते. बसवताना ती पिन वरच्या अंगाला यायला हवी, कारण भरताना आतली हवा तिथूनच निघते. ती खाली राहिली तर हवा अडकते आणि नवा थर्मोस्टॅट घालूनही गाडी तापते.

आता मूळ तक्रार. घाटात गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, पाच माणसे, सामान, एसी. इंजिन भरपूर उष्णता काढते आणि समोरून येणारा वारा मात्र कमी. सगळी भिस्त पंख्यावर आणि जाळीवर. बॉनेट उघडून एसी लावा, पंखा फिरायला हवा. नंतर एसी बंद करून इंजिन उभ्या जागी चालू ठेवा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत पंखा ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान सुरू होतो आणि पाच-सहा अंश उतरल्यावर थांबतो. पंखा चालू असताना ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. रेडिएटरच्या मागे बसवलेल्या पंख्याने तो जाळीकडे ओढून धरला पाहिजे. कागद बाहेर ढकलला गेला तर मोटर दुरुस्त करताना वायरी उलट्या जोडल्या आहेत. कागद धरून राहत नाही, सैल पडतो, तर मोटरचे ब्रश झिजले असतील किंवा पंख्याभोवतीची प्लास्टिकची चौकट तुटली असेल. ती चौकट नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी कडेची हवा घुसळत राहतो. दोन वेगांचा पंखा असेल तर कमी वेगासाठी एक रेझिस्टर असतो. तो जळला की पंखा थेट वरच्या तापमानालाच लागतो. घाटात तेवढ्याने काटा पुढे निघून जातो.

पंखा ठीक असेल तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत विजेरी मारून बघा. बाहेरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, पण मधल्या बोटभर जागेत खानापूरकडची तांबडी माती, गवताचे तुकडे आणि किडे यांचा थर बसलेला असतो. वरचे ब्रॅकेट सोडून रेडिएटर थोडा मागे घ्या आणि इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूकडे साध्या नळीने पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पातळ पाती आडवी होतात आणि त्या भागातून हवा जाणेच बंद होते.

शेवटी रेडिएटरची कॅप. त्यावर ०.९ किंवा १.१ असा बारमधला दाब छापलेला असतो. ०.९ बारची कॅप दाब धरत असेल तर साधे पाणीसुद्धा आपल्याकडे ११७-११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपचे रबर चिरले की तेच पाणी शंभराच्या आत उकळते, शेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीत फेकले जाते आणि ‘गाडी पाणी खाते’ अशी तक्रार येते. इंजिन पूर्ण निवल्यावर वरचा होज आत चपटा झालेला दिसला तर कॅपची परतीची छोटी झडप अडकली आहे. गाडीवर जो आकडा मुळात होता त्याच आकड्याची नवी कॅप घ्या. जास्त दाबाची घातली की जुन्या होजवर आणि प्लास्टिकच्या टाक्यांवर ताण येतो. थर्मोस्टॅट, पंखा, जाळी आणि कॅप ही चारही नीट करूनही चोर्ल्यात काटा चढला, तरच रेडिएटर आतून तपासा.

प्रश्न: घाटात बॉनेटमधून वाफ येऊ लागली तर नेमके काय करावे? प्रत्येक जण वेगळे सांगतो.
— एक वाचक, नंदगड

उत्तर: काटा चढू लागला पण लाल पट्ट्याला टेकला नसेल तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात लावा. हीटर हासुद्धा एक छोटा रेडिएटरच आहे. काचा खाली करा, एक गिअर खाली घ्या आणि ॲक्सिलरेटर हलका ठेवा. काटा उतरला तर तसेच पुढे जा. हीटर लावल्यावर गार हवा आली तर समजा की पाणी कमी झाले आहे, आणि लगेच थांबा.

लाल पट्ट्यात काटा गेला की थांबायचेच. वाफ किंवा पाणी बाहेर येत असेल तर इंजिन ताबडतोब बंद. वाफ नाही, पाणी आहे आणि पंखा फिरतो आहे, अशा वेळी मिनिटभर उभ्या जागी चालू ठेवलेले बरे. अचानक बंद केल्याने पंप थांबतो आणि हेडमधली उष्णता तिथेच साठते. आणखी एक खूण ध्यानात ठेवा: वर चढलेला काटा एकाएकी खाली आला तर गाडी गार झाली असे समजू नका. पाणी इतके उतरते की सेन्सर हवेत उघडा पडतो आणि तो खोटे तापमान दाखवतो. या खुणेकडे दुर्लक्ष झाले की हेड वाकते.

कॅपला किमान अर्धा तास हात लावू नका. पाऊण तास थांबलात तर उत्तम. इंजिन बंद असले तरी विजेचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून हात आणि ओढणी, उपरणे लांब ठेवा. वरचा होज जाड फडक्याने दाबून बघा. तो मऊ लागला की कॅपवर फडके घालून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, दाब सुटू द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनावर बाहेरून बाटलीचे पाणी ओतू नका. आत भरायचे पाणीही फार गार नको. इंजिन उभ्या जागी चालू ठेवून हळूहळू भरा. अशा वेळी जे स्वच्छ पाणी मिळेल ते चालते, नंतर काढून कूलंट (गंज रोखणारा, उशिरा उकळणारा द्रव) भरता येते. किती लिटर बसले ते लिहून ठेवा, मेस्त्रींना त्याचा फार उपयोग होतो. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले तर इंजिन सुरू न करता गाडी ओढूनच न्या.

प्रश्न: निपाणीत रोज फिरतो, काही नाही. बेळगावला निघालो की तवंदी घाटही नीट चढतो, पण संकेश्वर ओलांडून नव्वदच्या वर वेग ठेवला की अर्ध्या तासात काटा चढतो. साठवर आणले की उतरतो. पंखा नवा घातला आहे.
— एक वाचक, निपाणी

उत्तर: पंख्याचा इथे काही संबंध नव्हता. नव्वदच्या वेगात समोरून येणारा वाराच पंख्याचे काम करतो. अडचण पाणी फिरण्यात किंवा वारा जाळीपर्यंत पोचण्यात आहे.

सर्वांत आधी गाडीखाली वाकून बघा. पुढच्या बंपरखाली हवा वर वळवणारी प्लास्टिकची पट्टी असते. स्पीडब्रेकरला घासून ती निघून जाते आणि कोणी परत लावत नाही. तिच्याशिवाय वेगातली हवा रेडिएटरमधून न जाता खालून निसटते. ग्रिलसमोर बसवलेले जादा दिवे आणि मोठी नंबरप्लेटही तेवढीच हवा अडवतात.

मग खालचा होज. पंप याच होजमधून पाणी ओढतो. रबर जुने आणि मऊ झाले की जास्त आरपीएमला तो आत चपटतो. मदतीला एक जण घ्या, इंजिन गरम झाल्यावर तीन हजार आरपीएम धरायला सांगा आणि होजकडे बघा. चपटत असेल तर होज बदला. काही होजच्या आत तारेची स्प्रिंग असते, ती गंजून गेली असेल तर नवा होज स्प्रिंगसकट घ्या.

तिसरा आणि आपल्या भागात सर्वांत जास्त आढळणारा दोष: बोअरचे पाणी. त्यातले क्षार गरम धातूवर बसतात आणि रेडिएटरच्या पातळ नळ्या बंद होतात. इंजिन पूर्ण तापवून बंद करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने जाळीवर ओळीने मोजत जा. पाणी आत येते तिथून बाहेर पडते तिथपर्यंत तापमान हळूहळू उतरत गेले पाहिजे. मधेच एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा बराच गार लागला तर त्या नळ्या बंद आहेत. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र चुकीचा आकडा देते, म्हणून मोजायच्या जागी काळी टेप लावा. प्लास्टिकच्या टाक्यांचा ॲल्युमिनियम रेडिएटर असा चोंदला असेल तर बदलणेच शहाणपणाचे. जुना तांब्या-पितळेचा असेल तर टाकी उघडून नळ्यांत सळई घालून साफ करणारे कारागीर अजून मिळतात. संडास साफ करायचे ॲसिड ओतून रेडिएटर धुवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते ॲल्युमिनियम खाते आणि गळती पंप व हेडपर्यंत पोचते.

हे सगळे ठीक निघाले तर पंप उतरवा. त्याच्या अंगावर खाली एक बारीक भोक असते, तिथे कूलंटचा वाळलेला डाग असेल तर सील गेले आहे. गळती नसतानाही पंखुड्या गंजून बारीक झालेल्या सापडतात. पंप टायमिंग बेल्टवर चालणारा असेल तर बेल्ट बदलतानाच पंपही बदला, दोन्हींची मजुरी एकच पडते.

नवे कूलंट भरताना एक चूक सर्रास होते. समजा तुमच्या गाडीत एकूण ४ लिटर बसते. रेडिएटर धुतला, खालून पाणी सोडले, तरी ब्लॉकमध्ये लिटर-दीड लिटर पाणी राहतेच. त्यावर तयार ५०-५० चे मिश्रण भरले तर प्रत्यक्षात कूलंट ३१ ते ३८ टक्क्यांवरच येते. म्हणून धुतलेल्या इंजिनात आधी २ लिटर शुद्ध कूलंट ओता, मग उरलेल्या जागेत बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, पण गंज रोखायला आणि उत्कलन बिंदू वर ठेवायला निम्मे प्रमाण योग्य. नुसते शुद्ध कूलंट भरणेही चूक आहे, कारण ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते.

प्रश्न: हिरवे कूलंट चांगले की लाल?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर: रंग ही कंपनीची पसंती असते. बघायचे ते आतले रसायन आणि डब्यावरचा दर्जा, उदाहरणार्थ जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिला आहे तोच भरा. दोन वेगळ्या प्रकारांची सरमिसळ झाली की गंजरोधक द्रव्ये लवकर संपतात, काही वेळा गाळ धरतो. आत काय आहे हे माहीत नसेल तर वरून थोडे भरत बसू नका, सगळे काढून एकदाच भरा. मुदतही पुस्तिकेतच असते. जुन्या प्रकारच्या कूलंटची साधारण दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर.

प्रश्न: सात माणसे बसणारी डिझेल गाडी आहे. गॅस्किट गेले म्हणून बेळगावच्या उद्यमबागेत हेड फेसिंग (हेड घासून सपाट करणे) करून घेतले. दोन महिन्यांत पुन्हा रेडिएटरमध्ये बुडबुडे. परत फेस केले, परत तेच. आता मेस्त्री नवे हेड घ्या म्हणतात.
— एक वाचक, हुक्केरी तालुका

उत्तर: हेड घेण्याआधी बुडबुडे कंप्रेशनचेच, म्हणजे सिलिंडरमधून पाण्यात घुसणाऱ्या वायूचेच, आहेत याची खात्री करा. भरताना अडकलेली हवाही बुडबुडे देते, पण ते काही मिनिटांत थांबतात. गार इंजिनावर कॅप काढा, गळ्यापर्यंत पाणी भरा आणि सुरू करा. पहिल्या मिनिटापासून बारीक बुडबुडे एकसारखे येत राहिले आणि आरपीएम वाढवल्यावर वाढले, तर ते कंप्रेशन. त्याहून पक्की परीक्षा ब्लॉक टेस्टरची. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून आतली हवा त्यातून ओढतात. जळलेला वायू असेल तर द्रव हिरवट किंवा पिवळट होतो.

आता दोनदा फेस करूनही का टिकले नाही. आम्ही पुढील गोष्टी विचारू.

ब्लॉकचा माथा मोजला का? हेड घासून सपाट केले आणि ब्लॉक वाकलेला असेल तर गॅस्किट कधीच टिकणार नाही. अचूक सरळ पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर, हेड आणि ब्लॉक दोन्हींवर ठेवा आणि फटीत फीलर गेज घालून बघा. बऱ्याच इंजिनांची मर्यादा ०.०५ मिलिमीटर असते. तुमच्या इंजिनाचा आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधून घ्या.

हेडला तडा आहे का? डिझेलमध्ये दोन व्हॉल्व्हच्या सीटमधल्या अरुंद जागेत केसासारखा तडा जातो. तो डोळ्याला दिसत नाही, फेसिंगने जात नाही आणि गार असताना मिटलेला असतो. म्हणून हेडच्या पाण्याच्या वाटा बंद करून, ते गरम पाण्यात बुडवून, आत हवेचा दाब देऊन तपासावे लागते. फेसिंगचे पैसे देण्याआधी ही चाचणी व्हायला हवी होती.

किती घासले? डिझेलचे हेड घासले की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि इंजेक्टरची टोके जास्त बाहेर येतात. काही कंपन्या फेसिंगला साफ मनाई करतात. हेडची जाडी मॅन्युअलमधल्या किमान मापाखाली गेली असेल तर मेस्त्रींचे म्हणणे बरोबर आहे, हेड बदलावेच लागेल.

गॅस्किट कोणत्या जाडीचे? डिझेल गॅस्किट बहुधा दोन-तीन जाडींत येते. कडेला असलेल्या खाचा किंवा भोके जाडी सांगतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून जाडी ठरवायची असते. दुकानात जे हाताला लागले ते घालायचे नसते.

आणि बोल्ट. अनेक इंजिनांत हेडचे बोल्ट ताणून बसवलेले असतात आणि ते एकदाच वापरायचे असतात. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी साचले असेल तर बोल्ट त्या द्रवावर अडतो, टॉर्क रेंच ‘झाले’ असे सांगते आणि हेड मात्र दाबले गेलेले नसते. कधी त्या दाबाने ब्लॉकच तडकतो. भोके हवेने कोरडी करा, मग बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, मॅन्युअलमधल्या टप्प्यांनी आवळा.

एवढे करूनही एक प्रश्न उरतो, आणि आम्हाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो: पहिल्यांदा गाडी तापली कशामुळे? गॅस्किट बहुतेक वेळा तापण्याचा परिणाम असतो. तुमच्या प्रकारच्या गाडीत पंखा बहुधा व्हिस्कस क्लचवर (दाट ऑइलने पंख्याला इंजिनाशी जोडणारा क्लच) असतो. त्यातले सिलिकॉन ऑइल गळले की पंखा गरगरतो पण जोर धरत नाही. पूर्ण तापलेले इंजिन बंद करा, किल्ली काढून घ्या आणि पंखा हाताने फिरवा. तो जड लागला पाहिजे. एका धक्क्यात पूर्ण फेरा मारून पुढे जात असेल तर क्लच संपला आहे. तो तसाच ठेवून तिसरे गॅस्किट घातले तर तेही जाईल.

प्रश्न: व्हॅनमध्ये बाहेरून सीएनजी किट बसवले. तेव्हापासून वरचेवर तापते. पाणी भरलेले असते. कधी कधी गॅसच्या रिड्यूसरवर बर्फ धरतो, गाडी अडखळते. तापणे आणि बर्फ एकत्र कसे?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: दोन्हींचे कारण एकच आहे. गॅसचा दाब उतरताना रिड्यूसर गोठतो, म्हणून त्यातून इंजिनाचे गरम पाणी फिरवतात. बर्फ धरतो म्हणजे तिथपर्यंत गरम पाणी पोचतच नाही. हवा अडकली आहे. सीटखाली इंजिन आणि पुढे रेडिएटर असलेल्या व्हॅनमध्ये पाण्याच्या नळ्या लांब असतात, त्यात किटसाठी टी-जॉइंट घातले की हवा अडकायला जागा वाढतात. रिड्यूसर रेडिएटरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच बसवला असेल तर हवा तिथेच साचते. त्याला खाली आणा.

हवा काढण्यासाठी गाडीचे पुढचे तोंड चढावर करा, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच येईल. इंजिन गार हवे. हीटर गरमवर ठेवा. हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो सैल करा, नसेल तर सर्वांत उंचावरचा होज क्लिप सैल करून थोडा वर ओढा. कूलंट हळूहळू ओता. नुसता बुडबुड्यांविना द्रव येऊ लागला की बंद करा. मग कॅप न लावता इंजिन सुरू करा, पातळी उतरेल तसे भरत राहा, होज हाताने दाबत-सोडत राहा. पातळी स्थिर झाली की कॅप लावून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा. रिड्यूसरच्या दोन्ही नळ्या हाताला सारख्याच गरम लागल्या पाहिजेत. रात्रभर निवल्यावर पातळी पुन्हा बघा. आठवड्यात परत उतरली तर टी-जॉइंटच्या क्लिपा तपासा, गळती बहुतेक तिथेच असते.

प्रश्न: गाळप हंगामात ऊस ओढताना ट्रॅक्टर दुपारनंतर तापतो. सकाळी काही नसते.
— एक वाचक, गोकाक तालुका

उत्तर: सकाळी जाळी स्वच्छ असते, दुपारपर्यंत पाचटाचा भुसा आणि धूळ यांनी भरते. रेडिएटरसमोरची बारीक जाळी काढता येते, ती दर खेपेला झटका. मुख्य जाळीला पंख्याच्या बाजूने हवा मारा. रेडिएटर तापलेला असताना गार पाणी मारू नका. भुसा चिकटून बसत असेल तर जाळीवर ऑइल किंवा डिझेलचा ओलावा आहे, ती गळती आधी शोधा. पंख्याचा पट्टा दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १० ते १५ मिलिमीटर लवला पाहिजे. जास्त लवत असेल तर पंखा आणि पंप दोन्ही मागे पडतात, आणि ते भार आल्यावरच कळते.

प्रश्न: माझ्या छोट्या गाडीत तापमानाचा काटाच नाही. निळा दिवा लागतो आणि विझतो, लाल दिवा अजून लागलेला नाही. तापते की नाही कसे कळणार?
— एक वाचक, खानापूर

उत्तर: निळा दिवा म्हणजे इंजिन अजून गार आहे. लाल लागतो तेव्हा थांबायची वेळ झालेली असते, मधल्या अवस्थेची खबर मिळत नाही. काटा असलेल्या गाड्यांतही तो बराच वेळ मध्यभागी धरून ठेवलेला असतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी (गाडीच्या तपासणीसाठीच्या) सॉकेटमध्ये ब्लूटूथ रीडर लावून मोबाइलवर कूलंटचे तापमान थेट अंशांत दिसते. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ८५ ते १०० नेहमीचे. १०५ च्या पुढे सतत राहिले तर तपासणी हवी, ११० ओलांडले तर थांबा. आकडा विचित्र वाटला, उदाहरणार्थ सकाळी गार इंजिनालाच ६० दिसले, तर सेन्सर काढून मल्टिमीटरने मोजा: २० अंशांना साधारण २ ते २.५ किलोओम, ८० अंशांच्या गरम पाण्यात ३०० ओमच्या आसपास, असे माप बऱ्याच गाड्यांत येते. सेन्सर बदलताना इंजिन गार असू द्या आणि हाताशी कूलंट ठेवा. तो काढला की थोडे सांडतेच, तेवढे परत भरून हवा काढावी लागते.